खर्डीचा कॉम्प्युटर लावू नका

कुठेही गडबड झाली की रंजनाताई आधी खाली बसायच्या. खुर्ची असली तर खुर्चीवर, नसली तर पायरीवर, तीही नसली तर सरळ जमिनीवर. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या मुरबाडच्या एसटी स्टँडवर फरशीवर मांडी घालून बसल्या होत्या. एका लहान मुलाला फिट आली होती. आई किंचाळत होती, जमलेल्यांपैकी कुणी कांदा मागत होतं, कुणी चप्पल हुंगवायला सांगत होतं. आणि ही पिकल्या केसांची बाई त्या मुलाला कुशीवर वळवून, त्याच्या डोक्याखाली आपली कापडी पिशवी सरकवून शेजारी शांत बसली होती. "तोंडात काय घालू नका त्याच्या. थांबेल आता," एवढंच ती म्हणत होती. थोड्या वेळाने फिट थांबली.

माय-लेकरांना दवाखान्याच्या रिक्षात बसवून दिल्यावर त्यांची नजर माझ्यावर गेली. फिजिओथेरपीचं शिक्षण संपवून मी कल्याणहून त्यांच्याच केंद्रात नोकरी मागायला आले होते, पण हे तेव्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. मी गर्दीत नुसती उभी होते.

"तू उभी का गो?" त्या म्हणाल्या. "उभ्या माणसाला फक्त पळायचं सुचतं."

तासाभराने मी केंद्रावर पोचले तेव्हा मुलाखत घ्यायला त्याच बसल्या होत्या. त्यांनी मला काहीच विचारलं नाही. "मघाशी पळाली नाहीस, एवढं पुरे," म्हणाल्या.

रंजनाताई मूळच्या टोकावड्याकडच्या. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून सगळी नोकरी याच दोन तालुक्यांत झालेली, त्यामुळे गावोगाव त्यांना 'शिस्टरबाई' म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी मुरबाडला भाड्याच्या दोन खोल्यांत एक केंद्र काढलं. जन्मापासून हातपाय ताठ असलेली, उशिरा उभी राहणारी, टाचा न टेकणारी मुलं तिथे व्यायामाला यायची. खर्डीच्या बाजूच्या पाड्यांवरून मुरबाडला यायचं म्हणजे आईबापांचा दिवस मोडायचा, म्हणून खर्डीलाही एक खोली घेतली होती. ती सविता सांभाळायची. सविता तिथल्याच पाड्यावरची. तिचा स्वतःचा मुलगा या केंद्रात चालायला शिकला होता.

ताईंची एक पद्धत होती. दर तीन-चार महिन्यांनी प्रत्येक मुलाला पडवीत चालायला लावायचं आणि त्याचा व्हिडिओ काढायचा. समोरून एक, बाजूने एक. मुलाची प्रगती आईबापांना कळत नाही आणि घसरणही कळत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. "रोज बघणाऱ्याला दिसत नाय," त्या म्हणायच्या, "जुना नि नवा शेजारी ठेवला की डोळे उघडतात." कुणा आईने रडवेली होऊन विचारलं, "शिस्टरबाई, माजं पोर चालेल ना?" तर त्या खोटा धीर देत नसत. "चालेल का, ते मी नाय सांगत. आज कसं चाललं तेवढं दाखवते." आणि खरंच दाखवायच्या. त्यांचा आवाज कोरडा असायचा, पण त्या आईचा हात त्यांच्या हातात असायचा.

हे व्हिडिओ मुरबाडच्या कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरमध्ये असत. तोच फोल्डर क्लाउडला जोडलेला होता, म्हणजे इथे काही टाकलं की ते इंटरनेटवरून वर जायचं आणि खर्डीच्या कॉम्प्युटरवर आपोआप उतरायचं. खर्डीचं इथे यायचं. ही सोय मी समजावली तेव्हा ताईंनी विचारलं होतं, "वर म्हणजे कुणाच्या घरी?" मी हसले होते. त्या हसल्या नव्हत्या. त्यांनी एक हार्ड डिस्क आणायला लावली आणि दर शनिवारी सगळ्याची एक प्रत त्यात घ्यायची, असं ठरवून दिलं. तसं आम्ही करत होतो.

त्या पावसाळ्यात मुरबाडचा कॉम्प्युटर बंद पडला. दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क टाकली आणि आमच्या बॅकअपमधून सगळं जसंच्या तसं परत भरून दिलं. फोल्डर उघडून पाहिला, सगळ्या मुलांची नावं जागच्या जागी होती. आम्ही निश्चिंत झालो. पुढे महिनाभराहून जास्त काळ जुना व्हिडिओ बघायची कुणाला गरज पडली नाही.

गरज पडली ती मनालीसाठी. मनाली टोकावड्याची, नऊ वर्षांची. तिचे वडील बाळू भाजीचा टेम्पो चालवायचे. पाचव्या वर्षी ती छान चालायला लागली होती, पण पुढे तिचे गुडघे हळूहळू वाकत चालले. मुंबईचे एक हाडांचे सर्जन वर्षातून एकदा शहापूरला शिबिर घ्यायचे. आदल्या वर्षी त्यांनी मनालीला तपासून सांगितलं होतं, "हिचे जुने सगळे व्हिडिओ आणा. दरवर्षी बिघडतंय असं दिसलं तर ऑपरेशन करू. नाहीतर उगाच चाकू लावायचा नाही." त्या वर्षी व्हिडिओ न घेता शिबिराला गेलो होतो, म्हणून एक वर्ष वाया गेलं. आता पुढच्या शिबिराला आठवडा उरला होता, आणि आणखी एक वर्ष गेलं असतं तर गुडघे कायमचे आखडले असते.

त्या सकाळी बाळू मनालीला घेऊन केंद्रावर आले. मी तिचा पहिला व्हिडिओ उघडायला गेले. उघडेना. दुसरा, तिसरा, तोच प्रकार. मग फाइल केवढी आहे ते पाहिलं. शून्य. फोल्डरमध्ये नावं होती, नावांच्या आत काही नव्हतं. दुसऱ्या मुलाचा पाहिला, तोही शून्य. हार्ड डिस्क लावली. तिथेही नुसती नावं. क्लाउडवर जाऊन पाहिलं. तिथेही शून्य.

मी दुरुस्तीवाल्याला फोन लावला. त्याने मला दोन-तीन गोष्टी बघायला सांगितल्या आणि मग घोळ कळला. झालं होतं ते असं. पूर्वी कधीतरी कॉम्प्युटरमधली जागा भरली, तेव्हा क्लाउडच्या प्रोग्रॅमने जागा मोकळी करताना खरे व्हिडिओ फक्त वर ठेवले होते आणि इथे नावाच्या पाट्या उरल्या होत्या. आम्ही दर शनिवारी त्या पाट्यांचा बॅकअप घेत होतो. दुरुस्तीनंतर त्याच रिकाम्या पाट्या फोल्डरमध्ये परत भरल्या गेल्या. क्लाउडला वाटलं, या ताज्या फाइली आहेत, आणि त्याने वरच्या खऱ्या व्हिडिओंवर त्या चढवल्या. जुनी प्रत परत मागायची मुदत असते. ती उलटून गेली होती.

"खर्डीला असतील ना?" मी विचारलं.

"तो कॉम्प्युटर मधे चालू केला होता का?"

नव्हता. पावसात खर्डीची खोली गळायची म्हणून तिथलं काम बंद होतं. कॉम्प्युटर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवला होता. त्याची डिस्क मोठी होती, त्यात खरे व्हिडिओ होते.

"मग त्यात अजून सगळं असेल मॅडम," तो म्हणाला. "पण तो नेटसकट चालू झाला की संपलं. वरचं रिकामं खाली उतरेल."

मी फोन ठेवला आणि मला आठवलं की शिबिराची तयारी करायची म्हणून खर्डीची खोली आजच उघडणार होती. आदल्या दिवशी मीच सविताला सांगितलं होतं की गेल्या गेल्या कॉम्प्युटर लाव आणि अपडेट होऊ दे.

मी हे सगळं ताईंना उभ्या उभ्या, तुटक वाक्यांत सांगितलं. त्या ऐकता ऐकता पडवीत जमिनीवर बसल्या. मलाही हाताने खुणावून बसवलं.

"सविताला फोन लाव."

लावला. पाड्यावरून खर्डीपर्यंत ती चालत यायची आणि त्या वाटेवर रेंज नसायची. पुन्हा लावला. नाहीच.

"निघूया ना ताई. टेम्पो आहे," मी म्हणाले.

"निघू. पण आपण पोचायच्या आधी ती पोचेल." त्या क्षणभर डोळे मिटून राहिल्या. "तिथं आत्ता कोण हाय ते बघ. गंगा हाय."

गंगाकाकू म्हणजे खर्डीच्या खोलीची मालकीण. खोलीला लागूनच तिची पिठाची गिरणी होती. खोलीचा आणि गिरणीचा वीजमीटर एकच, बाहेरच्या ओट्यावर. मीटरखालचा मोठा खटका पाडला की दोन्हीकडची वीज जाणार होती, आणि खर्डीच्या कॉम्प्युटरला बॅटरी नव्हती.

गंगाकाकूचा फोन वाजत राहिला. गिरणी चालू असेल तर तिला ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

आम्ही टेम्पोत बसलो. पुढे बाळू, ताई आणि ताईंच्या मांडीवर मनाली. मागे भाजीच्या रिकाम्या क्रेटांमध्ये मी. मधल्या काचेतून मला ताईंची पाठ दिसत होती. सरळगाव मागे पडलं. मी आळीपाळीने दोन नंबर फिरवत होते. एकाला रेंज नाही, दुसरा उचलला जात नाही. बाळू खड्ड्यांतून टेम्पो फेकत होते. एका वळणावर समोरून एसटी आली आणि आम्ही अगदी कडेला घासत निघालो, तेव्हा ताईंचा आवाज आला, "बाळू, हळू. पोरगी हाय मांडीवर."

"शिस्टरबाई, परत एक वरीस..." बाळूंनी मान वळवून मनालीकडे पाहिलं.

"तू रस्ता बघ. फोनचं आमी बघतो."

किन्हवलीच्या अलीकडे गंगाकाकूने फोन उचलला. मी फोन काचेच्या फटीतून पुढे दिला. ताईंनी स्पीकर लावला. पलीकडून गिरणीचा घरघराट येत होता.

"गंगे, मी रंजना. सविता आली का?"

"आत्ताच आली. कुलूप काढतेय. का गो?"

"मीटरखालचा मोठा खटका हाय ना, तो पाड."

"काय?"

"खटका. खाली पाड."

"आग लागलीय का कुठं?"

"आग नाय. पण पाड."

"अगो, दळण अर्धं हाय. माणसं बसलीत डबे घेऊन. पट्ट्यात पीठ अडकेल."

"सविताला तरी हाक मार. तिला सांग, खर्डीचा कॉम्प्युटर लावू नका."

"काय लावू नका? ऐकू नाय येत."

ताईंनी आवाज चढवला नाही. उलट एकेक शब्द सुटा केला. "गंगे. तुजी तिन्ही बाळंतपणं मी केलीत. तुला कधी विचारलं नाय, तू का ओरडतेस. आज तू मला विचारू नको. खटका पाड."

फोन कट झाला. तिने ठेवला की रेंज गेली, कळायला मार्ग नव्हता. परत लावला तर लागेना.

तिथून खर्डीपर्यंतचा रस्ता मला नीट आठवत नाही. शहापूरला सिग्नलजवळ ट्रक अडकला होता, महामार्गावर गाड्यांची रांग होती. मनाली एकदा वळून काचेतून माझ्याकडे पाहून म्हणाली, "मॅडम, तुमी रडताय?" मी नाही म्हणाले.

आम्ही पोचलो तेव्हा गिरणी गप्प होती. ओट्यावर बायका-पुरुष डबे मांडून बसले होते आणि कुरकुरत होते. मीटरच्या खाली गंगाकाकू, केसांपासून पदरापर्यंत पिठाने पांढरी, पहाऱ्याला उभं राहावं तशी उभी होती. एका माणसाला ती म्हणत होती, "हात लावशील तर बघ."

सविता पायरीवर होती. आम्हाला बघून घाबरून उठली. "ताई, मघाशी लाईट गेली. तेव्हा मी नुकताच कॉम्प्युटर लावलेला."

"लावलेलास?"

"हां. मॅडमनी सांगितलेलं तसा. फोल्डरवर ते गोल गोल फिरत होतं, तेवढ्यात बंद पडला."

ताई आत गेल्या. इंटरनेटचा डबा भिंतीवर होता. त्यांनी त्याची वायर उपटली, डबा आपल्या पिशवीत घातला आणि मग बाहेर पाहून म्हणाल्या, "गंगे, आता चढव."

गिरणी घरघरली. कॉम्प्युटर चालू झाला. खुर्ची एकच होती, ती मला दिली आणि ताई बाजूला जमिनीवर बसल्या. मुलांचे फोल्डर नावांच्या इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागलेले होते. पहिला उघडला. शून्य. दुसरा, शून्य. ए अक्षराची सगळी मुलं गेलेली. बाळू दारात चौकट धरून उभे होते. मी पुढे जात राहिले. बी मधली काही होती, काही नव्हती. तिथून पुढे मात्र फाइली भरलेल्या लागल्या. मी थेट मनालीच्या नावावर गेले आणि क्लिक केलं.

मुरबाडची पडवी दिसली. पाच वर्षांची मनाली, निळा फ्रॉक, सरळ गुडघे, एकेक पाऊल टाकत कॅमेऱ्याकडे येत होती. बाळूंनी दाराच्या चौकटीवर कपाळ टेकवलं. मनाली त्यांच्या हाताखालून आत आली, पडद्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मी सरळ चालायची?"

ताईंनी तिला जवळ ओढलं. पण विचारलं ते मला. "यादीतली वरची कोण कोण गेली? नावं वाच."

मी एकेक नाव वाचलं. त्या प्रत्येक नावाला नुसती मान हलवत होत्या.

शहापुरातून नवी हार्ड डिस्क आणून आम्ही सगळं तिच्यात उतरवलं आणि प्रत्येक फाइल उघडून पाहिली. शिबिरात सर्जननी मनालीचे पाच वर्षांचे व्हिडिओ पाहिले, मागे-पुढे करून पाहिले आणि म्हणाले, "हिला थांबवून चालणार नाही." मुंबईला ऑपरेशन झालं. आज ती पायाला पट्टे बांधून चालत शाळेत जाते. बाळू तिला टेम्पोने सोडायला बघतात, पण ती ऐकत नाही.

खर्डीच्या त्या दिवसानंतर ताईंनी केंद्रात एक नियम घातला. बॅकअप 'घेतला' असं कुणी म्हणायचं नाही. "ठेवलंय म्हणू नको. उघडून बघितलं म्हण." दर महिन्याला हार्ड डिस्कमधला एक व्हिडिओ आम्हाला त्यांच्यासमोर उघडून शेवटपर्यंत बघावा लागायचा. मूल पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलं की त्या म्हणायच्या, "हां, हाय."

गेल्या उन्हाळ्यात ताई गेल्या. काविळीचं निमित्त झालं. त्यांच्या मागे लोक त्यांच्याबद्दल बोलतात तेव्हा टेम्पोची आणि गंगाकाकूच्या खटक्याची गोष्ट हटकून निघते. गंगाकाकू स्वतः ती रंगवून सांगते. मला मात्र त्यानंतरचा एक दिवस जास्त आठवतो.

ज्या मुलांचे व्हिडिओ गेले, त्यांच्या घरी जाऊन ताईंनी स्वतः सांगितलं. फोनवर नाही, घरी जाऊन. बहुतेक ठिकाणी सोपं गेलं. "पोरगा हाय ना घरात, परत काढा," असं म्हणून लोकांनी चहा पाजला. राहिलं होतं एक घर, टोकावड्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी. हिराचं. तिचा अक्षय तापाने गेला त्याला दोन वर्षं झाली होती.

वाटेत मी ताईंना म्हणाले, "तिला तर ठाऊकही नसेल आपल्याकडे व्हिडिओ होता ते. कशाला सांगायचं?"

"तिला ठाऊक नाय म्हणून आपण गप बसायचं?" त्या म्हणाल्या. "तिचं होतं ते. आपल्याकडनं गेलं."

हिरा अंगणात नाचणी पाखडत होती. ताई तिच्यासमोर बसल्या आणि आडवळण न घेता सांगितलं. अक्षयचा चालतानाचा व्हिडिओ आमच्याकडे होता. तुला दाखवायचा राहून गेला. आता तो गेला, परत मिळणार नाही. हिरा ऐकत होती. सूप तिच्या हातात तसंच होतं.

मग तिने विचारलं, "त्यात तो चालत होता?"

"हो."

"मोकळा? भिताडाला न धरता?"

"मोकळा."

"माज्यासमोर कधी मोकळा नाय चालला. मी दिसले की हात धरायचा. कसा चालत होता?"

ताई उठल्या, पदर कमरेला खोचला आणि दाराच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग त्यांनी उजवा गुडघा आत वळवला, टाच उचलली, डावा हात छातीशी धरला आणि चालायला लागल्या. सत्तरीची बाई, पण ते चालणं त्यांचं नव्हतंच. प्रत्येक पावलाला मान पुढे जायची आणि मग पाय. मधेच थांबून त्यांनी बाजूला पाहिलं, कुणी बघतंय का अशा थाटात, आणि हसल्या. मला तो मुलगा आठवला. तो असाच थांबायचा.

"हात जरा वर," हिरा म्हणाली. "खांद्याकडं."

ताईंनी हात वर घेतला. "असा?"

"हां. असा."

ताई परत उंबऱ्यापाशी गेल्या आणि पुन्हा चालू लागल्या. हिराने सूप खाली ठेवलं. तिने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाली, "आता इकडं ये रे."

ताई तिच्यापर्यंत तशाच चालत गेल्या.